ठराव क्रमांक चार

अठ्ठावीस मार्चला, भर दुपारी, बँकेचा मेसेज आला.
संयुक्त शाळा अनुदान, रुपये पाच हजार.
एकतीसच्या आत खर्चा, नाहीतर परत पाठवा.
जे वर्षभर आलं नाही
ते तीन दिवसांत संपवायचं.

म्हणून व्यवस्थापन समितीची सभा.
व्हरांड्यात निळी ताडपत्री, कापूस झाकायची,
सुकलाल आप्पांच्या घरची.
कोरम भरत नव्हता, तर भिकन मिस्तरीला
मारुतीच्या ओट्यावरून झोपेतून उठवून आणलं.
अध्यक्ष निंबाबाई मालचे
दादर कापता कापता तशाच आल्या,
केसांत कणसाचं कूस, हातात विळा.
विळा त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला.

मी विषयपत्रिका वाचली
आम्ही वाचतो तशी, एका दमात,
कुणाच्या हाती काही लागू नये अशी.
एक, मागील इतिवृत्त कायम करणे.
दोन, पोषण आहाराचा तांदूळ, आरंभीची शिल्लक.
तीन, वीसच्या आतल्या पटाच्या शाळा,
समायोजनाबाबत वरून आलेलं पत्र, माहितीस्तव.
आपला पट एकोणीस.
पलीकडची शाळा बोरी नदीच्या पल्याड,
मधे पूल नाही,
आणि हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.
चार, रंगरंगोटीच्या खर्चास मंजुरी.

"थांबा गुरजी," निंबाबाई म्हणाल्या,
"तुमी नका वाचा. पोर वाची."

किंजल झिपरू मालचे, इयत्ता चौथी.
दिवाळीपासून बारडोलीकडे, उसाच्या फडात,
होळीला परत आलेली.
पोर्टलवर तिच्या नावापुढे
मीच भरलं होतं: भाषा, शब्दस्तर. उतारा वाचत नाही.
केंद्रप्रमुख म्हणाले होते,
तालुका मागे पडतोय सर, बघा जरा.
मी बघितलं नव्हतं.

तिनं बिलावर बोट ठेवलं.
"पांढ... पांढरा चुना. थै-ल्या, नऊ.
दर, तीनशे चाळीस."
आणि थांबली.
मला वाटलं अडली. पुढचा शब्द सांगायला
मी तोंड उघडलं.
ती भिंतीकडे बघत होती.
"सर, च्यारच उन्यात ना?
मीच त्या कोपराम्हा रचेल व्हत्यात."

ताडपत्रीची कड वाऱ्यानं फडफडली, तेवढंच.
राजपूत मॅडम हजेरीपटात कायसं शोधू लागल्या.

मग सांगावं लागलं.
नोव्हेंबरात बोअरची मोटर जळाली,
पोरं हापशावर, अर्धा मैल, डोक्यावर कळशी.
वाइंडिंगचे सतराशे माझ्या खिशातून गेले.
मोटरीला हेड नाही. चुन्याला आहे.
पाच थैल्या मी चुन्यात लिहून घेतल्या,
दुकानदार ओळखीचा.
चोरी नाही म्हणत होतो मी,
आणि माझाच आवाज
मला वर्गात चुकलेल्या पोरासारखा ऐकू येत होता.

निंबाबाईंनी केसांतलं कूस काढलं.
"मोटरना पैसा मोटरनाच नावे लिखा."
बाई, ऑडिटला अडेल. वसुली लागेल माझ्यावर.
"लागी तं लागी. आंगठा आमना शे."

लिहिलं. चुना चार थैल्या,
मोटर दुरुस्ती सतराशे. सर्वानुमते.
सूचक सुकलाल आप्पा, अनुमोदक भिकन मिस्तरी
(आता पुरता जागा).
खाली जांभळे अंगठे,
त्यातला एक जरा जास्तच दाबलेला,
मागच्या पानावर उमटलाय.

विनियोग प्रमाणपत्र शेरा मारून परत आलं:
लेखाशीर्ष चुकीचे, खुलासा करावा.
खुलासा मी अजून लिहितो आहे.
त्या रात्री पोर्टल उघडलं,
शब्दस्तर खोडून उतारा करावा म्हणून.
नोंदीची मुदत संपलेली होती.

दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या आधी,
किंजल ऑफिसच्या दारात.
तिच्या हाती विषय तीनचं पत्र,
फाइलीतून कधी काढलं कोण जाणे.
"स-मा-यो-जन," ती म्हणाली, बोट तिथंच ठेवून.
"सर, म्हंजे काय?"

मी उठलो
आणि पाच मिनिटं आधीच
घंटा दिली.